वापरकर्ता अ

“मानवजातीचा इतिहास यापुढे दोन भागांत लिहिला जाईल,” संचालक म्हणाले. “आपला हा अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीचा आणि सुरू झाल्यानंतरचा. आजवर ज्यांना हिशेब कळला त्यांना रूप कळलं नाही, आणि ज्यांना रूप कळलं त्यांना हिशेब जमला नाही. ह्या दोन विद्यांच्या मधली भिंत आज आपण पाडली आहे!”

“साहेब, जरा पुढं सरका,” मागून गवंडी म्हणाला. “अर्धीच पाडलीय. वरची अर्धी कुठल्या क्षणी येईल सांगता यायचं नाही.”

संचालक सरकले. त्यांच्याबरोबर मानवजातीचा इतिहासही दोन पावलं पुढे सरकला आणि पहिल्या रांगेतल्या प्राध्यापकांच्या पायांवर येऊन उभा राहिला. त्यातला एक पाय चौकटसरांचा होता.

चौकटसर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. सर व्यवस्थापन शिकवत. फळ्यावर काहीही लिहिण्याआधी ते एक मोठा चौकोन काढत, त्याला एक उभी आणि एक आडवी रेघ मारत, आणि मग जगातली कुठलीही भानगड त्या चार घरांत नीट बसवून दाखवत. ग्राहक चार प्रकारचे, मालक चार प्रकारचे, संकटंही चारच प्रकारची. पाचव्या प्रकारचं संकट आलंच, तर ते अभ्यासक्रमात नाही म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. त्यांची बायको म्हणायची, “ह्यांना ताप आला तरी आधी तो कुठल्या घरात बसतो ते बघतात, मग स्वतः अंथरुणात पडतात.”

त्या अर्धवट पाडलेल्या भिंतीच्या अलीकडे त्यांचा विभाग होता. इस्त्रीचे शर्ट, जमिनीला ठोकलेली बाकं, आणि बोलेल त्याची बोरं विकली जातील असा एकूण खाक्या. पलीकडे डिझाइनचा विभाग, म्हणजे टाचणीबाईंचं राज्य. बाईंच्या कॉलरवर कायम टाचण्यांची एक रांग असे. त्यांच्या स्टुडिओत बाकं नव्हती, नुसती स्टुलं. डिंकाचा वास, कागदाच्या कातरणांचा सडा, आणि चारी बाजूंना टाचण्यांनी चाळण झालेल्या भिंती. तिथे शिकवण्याची रीतच निराळी. विद्यार्थ्यानं आपलं काम भिंतीवर लावायचं आणि बाजूला उभं राहायचं. मग बाकीच्यांनी त्या कामासमोर उभं राहून मनाला येईल ते बोलायचं. ज्यानं काम केलं त्यानं मात्र सगळ्यांचं बोलून होईपर्यंत ओठ शिवून घ्यायचे. “ज्याचं काम भिंतीवर, त्याच्या तोंडाला कुलूप,” असं बाई म्हणत. “काम बोलत नसेल, तर तुम्ही बोलून काय उपयोग?”

चौकटसरांना हे ऐकूनच घाम फुटला होता. त्यांच्याकडे काम कोणी बघतच नसे. जो शेवटपर्यंत बोलत राहील तो जिंकला.

पहिले काही आठवडे नव्या अभ्यासक्रमाचा संसार नव्या संसारासारखाच चालला. इकडचे तिकडच्यांना ‘डिंकवाले’ म्हणत आणि तिकडचे इकडच्यांना ‘टायवाले’. टायवाले एखाद्या दिव्याकडे बघून विचारत, यातून नफा किती? डिंकवाले विचारत, नफ्याच्या उजेडात वाचता येतं का? शेवटी संचालकांनी फर्मान काढलं, की पहिला प्रकल्प विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनीही करायचा, आणि ज्याच्या कामात दोन्ही विद्या एकजीव झालेल्या दिसतील तो नव्या संयुक्त विभागाचा प्रमुख. दारावरची पाटीसुद्धा करायला टाकली आहे, नाव तेवढं कोरायचं बाकी आहे, असं ते जाता जाता म्हणाले.

त्या पाटीनं चौकटसरांची झोप उडवली. आजवर त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं कुठल्या कुठे जाऊन बसली होती आणि सरांच्या दारावर अजून खोलीचा नुसता क्रमांक होता.

प्रकल्प टाचणीबाईंनी समजावून सांगितला. “एक माणूस निवडा. त्याचं रोजचं एखादं काम निवडा, जे करताना त्याला त्रास होतो. आधी नुसतं बघा. मग त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. तुम्ही जे पाहिलंत ते त्याला दाखवा. तो हो म्हणाला, तरच ते भिंतीवर. आणि मग त्याच्यासाठी वस्तू बनवा.”

“नमुना एकच?” चौकटसरांनी विचारलं. “एका माणसावरून बाजार कसा कळणार?”

“एक माणूस कळला तरी पुष्कळ झालं, सर,” बाई म्हणाल्या.

सरांनी माणूस निवडला तो घरातलाच. त्यांचे वडील.

बाबा जन्मभर विमा एजंट होते. लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्या खुर्चीत बसून, त्यांच्याच पोरांना मांडीवर घेऊन, “उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर,” हे वाक्य इतक्या प्रेमानं म्हणायचे की ऐकणाऱ्याला आपलं बरंवाईट लवकर व्हावं असं वाटावं. आता ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि रस्ता बघत. त्या खुर्चीतून उठणं हा मोठा कार्यक्रम असे. आधी “चला” म्हणायचं. मग हातांवर जोर द्यायचा, थोडं वर यायचं, परत खाली बसायचं. पुन्हा “चला”. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधी वाटे, म्हातारबाबा आपल्यालाच कुठे तरी घेऊन निघालेत.

चौकटसर काही दिवस दुपारीच घरी येऊ लागले. वर्तमानपत्राआडून त्यांनी बाबांना नीट बघितलं. बाप खिडकीतून रस्ता बघायचा आणि मुलगा पेपराआडून बाप बघायचा. बाबांच्या ते लक्षात आल्याशिवाय कसं राहणार?

“काय रे, हल्ली लवकर येतोस?”

“काम कमी आहे, बाबा.”

“नोकरी गेली असेल तर सांगून टाक. मी कुणाला बोलणार नाही. सूनबाईला तर नाहीच नाही.”

“नाही हो, गेली नाही.”

“मग ठीक. चला,” असं म्हणून बाबा उठू लागले, आणि मुलानं उठण्याच्या प्रयत्नांची नोंद केली. हात पुढे केला नाही. हात दिला असता तर निरीक्षण बिघडलं असतं.

बघण्याचा भाग असा झकास पार पडला. घोडं अडलं ते विचारण्याच्या भागापाशी. एकदा सर खुर्ची ओढून बाबांसमोर बसलेही. पण “बाबा, तुम्हाला उठताना…” इथपर्यंत येऊन त्यांची गाडी जी रुतली ती रुतलीच. बाबा वाट बघत राहिले. शेवटी सर म्हणाले, “चहा घेणार का?” बाबा म्हणाले, “आत्ताच झाला.” मुलाखत संपली.

मग सरांनी आपल्या शास्त्राचा आधार घेतला. व्यवस्थापनाच्या वर्गात एखाद्या कंपनीचं दिवाळं शिकवायचं असलं, की कंपनीचं नाव बदलतात. ‘कंपनी क’ म्हटलं, की मग तिच्या मालकानं काय काय शेण खाल्लं ते खुशाल फळ्यावर लिहायला मोकळे. आजवर कुठल्याही कंपनीनं येऊन तक्रार केली नव्हती. तेव्हा सरांनी बाबांचं नाव ‘वापरकर्ता अ’ ठेवलं, मोबाइलवर गुपचूप काढलेल्या फोटोंत चेहऱ्यावर एक काळा चौकोन बसवला, आणि ‘संमती घेतली’ या रकान्यात बरोबरची खूण करून टाकली. चौकोन बसवल्यावर त्यांना फार बरं वाटलं. चौकोनानं त्यांना आजवर कधी दगा दिला नव्हता.

तक्ता सुरेख झाला. मधोमध तीन फोटो, बाजूला चार घरं. सवयी, अडचणी, भावना, संधी. सवयींच्या घरात लिहिलं, ‘उठण्यापूर्वी “चला” म्हणतो, परंतु चालत नाही.’ हे वाक्य वाचून ते स्वतःशीच हसले होते. भावनांच्या घरात काय लिहावं ते कळेना, म्हणून ‘समाधानी’ लिहिलं. तक्रार नोंदवलेली नव्हती म्हणजे समाधानीच. अडचणींच्या घरात मात्र त्यांची लेखणी थबकली.

गोष्ट अशी होती, की उठायला वेळ लागे म्हणून बाबांना कधी कधी बाथरूमपर्यंत पोहोचायला उशीर होई. मग ते हळूच आपल्या खोलीत जात, पायजमा बदलत, ओला झालेला नळाखाली धरत आणि काहीच न झाल्यासारखे येऊन बसत. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे हे फक्त बाबांना माहीत नव्हतं. सून तो ओला पायजमा दोरीवरून गपचूप काढून, पुन्हा धुऊन, घडी करून ठेवी. तिनं हे नवऱ्याकडेही कधी शब्दात बोलून दाखवलं नव्हतं. घर काही गोष्टी न बोलून उभं राहतं, त्यातली ही एक.

सरांनी लिहिलं : ‘कधी कधी वेळेत पोहोचत नाही. कपडे बदलतो आणि कोणाला कळले नाही असे समजतो.’

लिहून झाल्यावर ते ओळीकडे बराच वेळ बघत बसले. ही ओळ खोडावी, असं त्यांच्या मनात आलं. नाही असं नाही. पण साऱ्या तक्त्यात तीच एक ओळ अशी होती की वाचणारा थांबेल. पाटी मिळाली तर ह्याच ओळीमुळे मिळेल, हे त्यांना इतक्या वर्षांच्या अनुभवानं कळत होतं. ओळ राहिली.

वस्तू म्हणजे खुर्ची. संस्थेच्या सुतारशाळेत त्यांनी ती बनवून घेतली. बसायच्या फळीखाली एक दमदार स्प्रिंग. बसणारा पुढे झुकला की फळी मागून वर उचलली जाणार आणि माणूस अलगद उभा. सरांनी स्वतः त्यात बसून बसून स्प्रिंग बेतली होती. त्यांना ती खुर्ची असं उभं करी की जणू बढतीच झाली.

राहिलं प्रदर्शन. त्यासाठीच्या बैठकीत संचालकांनी चिंता व्यक्त केली, की बघायला येणार कोण? तेव्हा चौकटसरांनीच उपाय सुचवला होता : सगळ्यांच्या घरी छापील निमंत्रण पाठवा, सहकुटुंब. माणशी दोन कुटुंबीय धरले तरी गर्दी तिप्पट. संचालक खूश झाले. सरांनी घरी येऊन सांगून ठेवलं, “फार रटाळ असतं ते. शिवाय जिने आहेत.” निमंत्रण सगळ्यांच्या घरी जाणार, म्हणजे आपल्याही घरी येणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. बाजाराचा विचार करणाऱ्या माणसाला आपणही बाजारात राहतो हे सहसा आठवत नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंत पूर्ण पाडून झाली होती आणि तिच्या जागी फरशीवर एक पांढरा पट्टा उरला होता. येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती रंगीत गोल टिकल्या दिल्या होत्या. काम आवडलं तर हिरवी चिकटवायची, खटकलं तर लाल. चौकटसरांच्या तक्त्यापाशी चांगलीच गर्दी होती. “चला म्हणतो परंतु चालत नाही” याला लोक हसत होते. पुढे अडचणींच्या घरापाशी आले की त्यांचं हसू थांबत होतं. एक बाई “अरे देवा, बिचारा” म्हणाल्या आणि त्यांनी हिरवी टिकली लावली. सर बाजूला, तोंडाला कुलूप लावून, नम्र चेहऱ्यानं उभे होते. टाचणीबाईंची रीत इतकीही वाईट नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं.

तेवढ्यात त्यांना दारात बायको दिसली. तिच्या हाताला धरून बाबा.

बाबांनी स्वच्छ दाढी केली होती आणि अंगात तोच तो कोपराला ठिगळ लावलेला तपकिरी स्वेटर होता, जो भिंतीवरच्या तिन्ही फोटोंत होता. सूनबाईनं नवा कोट काढून ठेवला होता. पण “लेकाच्या कार्यक्रमाला जायचंय, एजंटगिरीला नाही,” असं म्हणून त्यांनी तो नाकारला होता. जिना चढल्यामुळे दम लागलेला, पण चेहरा असा की जणू पाटी त्यांच्याच दारावर लागायची आहे.

“तुमचं कुठलं हो?” बायकोनं लांबूनच विचारलं.

सरांनी ओठ हलवले. आवाज आला नाही. मग गर्दी त्या दोघांना आपोआपच तक्त्याकडे घेऊन आली.

बाबांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. ते विम्याची कागदपत्रं वाचत तसे वाचत होते, बारीक अक्षर एकही न सोडता. सवयी वाचून त्यांना हसू आलं. “हा कोण ‘चला’वाला? माझाच भाऊ दिसतोय,” असं ते सुनेला म्हणाले. मग त्यांची नजर फोटोवर गेली. काळा चौकोन. त्याखाली स्वेटर. स्वेटरचं ठिगळ. त्यांनी आपल्या कोपराकडे बघितलं नाही. नुसता तो कोपर दुसऱ्या हातानं झाकून घेतला. आणि मग ते अडचणींच्या घराकडे वळले.

सूनही तेच वाचत होती. तिचं आधी वाचून झालं. तिनं नवऱ्याकडे एकदाच बघितलं, आणि चौकटसरांना आयुष्यात पहिल्यांदा एक अशी गोष्ट दिसली जी कुठल्याच घरात बसत नव्हती.

“अप्रतिम!” हा आवाज संचालकांचा. ते आत्ताच येऊन पोहोचले होते. “काय निरीक्षण आहे! काय ती सहवेदना! सर, हे गृहस्थ तुम्हाला सापडले कुठे?”

“नियम,” टाचणीबाई म्हणाल्या. “ज्याचं काम भिंतीवर…”

“नियम मी आज शिथिल करतो,” संचालक म्हणाले. “बोला सर, बोला. कोण आहेत हे?”

कुलूप निघालं. आता बोलायला हरकत नव्हती. बाबा वळून मुलाकडे बघत होते. रागानं नव्हे, तर शाळेच्या मंचावर पोर कविता म्हणताना अडखळलं की बाप बघतो तसे. ‘हे माझे वडील,’ एवढेच तीन शब्द होते. चौकटसर अस्खलित वक्ते होते. ते म्हणाले,

“आमच्या शेजारी राहतात.”

बायकोच्या हातातल्या सगळ्या टिकल्या खाली पडल्या. त्या वेचायला ती वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

“वा! शेजाऱ्यावर इतकं प्रेम!” संचालक म्हणाले, आणि त्यांची नजर समोरच्या म्हाताऱ्यावर पडली. “अहो आजोबा, तुम्ही अगदी योग्य वेळी आलात. ह्या खुर्चीत जरा बसून दाखवता का? तुमच्या वयाचं कोणी नव्हतंच इथे.”

“बसतो की,” बाबा म्हणाले.

ते खुर्चीपाशी गेले, वळले, आणि हळूहळू खाली झाले. पण स्प्रिंग बेतली होती ती भरल्या अंगाच्या चौकटसरांवर. बाबा वाळून काटकी झालेले. फळी खाली जाईचना. ते बसायला गेले की खुर्ची त्यांना अदबीनं वर ढकलून देई. पुन्हा बसले, पुन्हा वर. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी कड धरून नेट लावला, तेव्हा ती थोडी दबली आणि मग तिनं त्यांना असं काही फेकलं की टाचणीबाईंनी धावत जाऊन सावरलं म्हणून ठीक. लोक मनापासून हसले. बाबाही हसले.

“शेजाऱ्यांचं वजन जास्त असणार,” ते म्हणाले.

बाईंचा हात अजून त्यांच्या कोपराला होता. ठिगळावर. त्यांनी ठिगळाकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग चौकटसरांकडे. 

“एक विचारू का?” बाबा संचालकांना म्हणाले. “हे जे गृहस्थ आहेत, त्यांना हे दाखवलं का कोणी, लावायच्या आधी?”

“उत्तम प्रश्न! सर?”

सर फरशीवरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत होते.

“मी का विचारलं,” बाबा म्हणाले, “तर तिथे लिहिलंय की कोणाला कळलं नाही असं तो समजतो. आता त्याला समजेल ना सगळ्यांना कळलंय म्हणून. एवढंच.” मग ते सुनेकडे वळले. “चल गं. जिना उतरायला मला वेळ लागतो.”

ते गेल्यावर टाचणीबाईंनी तक्त्याच्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि आपल्या कॉलरला लावल्या. तक्ता गुंडाळून सरांच्या हातात दिला. “काम अपुरं आहे,” त्या एवढंच म्हणाल्या, तेही हळू आवाजात. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं.

आणि कहर म्हणजे, पाटी त्यांनाच मिळाली. संचालकांनी टाळ्यांच्या गजरात जाहीर केलं, की बाजाराची जाण आणि माणसाची कणव यांचा असा संगम त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. खुर्ची काय, दुरुस्त होईल. लोकांनी सरांचे हात हातात घेतले. सर “थँक्यू, थँक्यू” म्हणत राहिले. बक्षीस परत करावं असं त्यांच्या मनात येत होतं. पण परत करायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर शेजारी राहणारा माणूस घरात आणावा लागणार. ते त्यांना जमलं नाही. लाज ही चीज मोठी चमत्कारिक. ती माणसाला खरं बोलायला लावेल असं पुस्तकात म्हणतात, प्रत्यक्षात ती त्याला चोरासारखं मागच्या दारानं बाहेर काढते. सर मागच्याच दारानं निघाले.

रस्ताभर त्यांनी क्षमायाचना तयार केली. आधी पार्श्वभूमी, मग चूक, मग कारणमीमांसा, मग पुढील उपाययोजना. घर जवळ आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे चारच मुद्दे झाले आहेत, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

दार बायकोनं उघडलं. ती जिभेची काही कमी नव्हती. त्या दिवशी मात्र एकच वाक्य म्हणाली.

“हळू बोला. शेजारी पडलेत.”

बाबा पडलेले नव्हते. खिडकीजवळ आपल्या जुन्या खुर्चीत बसले होते, बिनस्प्रिंगच्या. उन्हं कलली होती. सर समोर जाऊन उभे राहिले. बसायचं त्यांच्या मनात होतं, पण त्या घरात आपल्याला खुर्ची ओढून घ्यायचा हक्क उरला आहे की नाही याची त्यांना खात्री वाटेना.

“झालास का साहेब?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“छान. सूनबाईला म्हटलं मी, होणार म्हणून. वाक्य चांगलं होतं ते. माणूस थांबतो तिथे.”

“बाबा…”

“सगळ्यांना माहीत होतं?”

सरांनी होकारार्थी मान हलवली.

“सूनबाईलाही?”

“तिला आधीपासून. मला नंतर कळलं.”

“म्हणून ते पायजमे इतके स्वच्छ निघायचे,” बाबा म्हणाले. “मला वाटायचं, माझ्या हाताला गुण आहे.” ते हसायला गेले आणि हसू अर्ध्यातून मागे फिरलं. मग त्यांनी मान रस्त्याकडे वळवली. “तुला एक सांगू? मी उभ्या जन्मात लोकांशी त्यांच्या मरणाबद्दल बोललो. दुसरा धंदाच नव्हता मला. पण समोर बसून बोललो. त्यांच्या घरचं पाणी पिऊन. मागे कधी बोललो नाही. आणि लोकांनी काही मला हाकलून दिलं नाही रे. समोर बसलं की माणूस ऐकतो.”

“मी बसलो होतो एकदा समोर,” सर म्हणाले.

“चहा विचारलास.”

“जीभ रेटली नाही.”

“आणि भिंतीवर लिहायला हात बरा रेटला.”

 सरांच्या तयार मुद्द्यांपैकी एकही ओठांवर येईना. ते तिथेच फरशीवर खाली बसले, मांडी घालून, लहानपणी बसत तसे, आणि म्हणाले, “बाबा, मी त्या लोकांसमोर तुम्हाला… मी शेजारी म्हणालो.”

“ऐकलं मी. कान शाबूत आहेत. तेवढी अडचण लिहायची राहिली तुझी.”

“उद्या जाऊन सांगतो सगळ्यांना. पाटी नको म्हणून सांगतो.”

“सांगशील की नाही ते उद्या बघू. आज तू थकलायस.”

म्हणजे ह्याची हमी बाबा घेत नव्हते. जन्मभर दुसऱ्यांच्या हम्या विकलेला माणूस आपल्या मुलाची हमी घेत नव्हता, आणि सरांना ते मुकाट्यानं मान्य करावं लागलं. कारण त्यांना स्वतःलाही ती देता आली नसती. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. दाराआड बायको उभी आहे, हे त्यांना न बघता कळत होतं. सरांनी शेवटी तो प्रश्न विचारला, जो त्यांनी त्या सगळ्या दुपारींत विचारला नव्हता.

“बाबा, मी तुमच्यासाठी काय करू? खरंच सांगा. काहीही सांगा.”

बाबांनी विचार केला. खूप विचार केला. बाहेर बघितलं, छताकडे बघितलं, खाली बसलेल्या विभागप्रमुखाकडे बघितलं. मग दोन्ही पाय सपातांमधून काढले आणि त्याच्यासमोर धरले.

“तेवढी नखं काढून दे,” ते म्हणाले. “वाकलं की गरगरतं रे मला.”